अमृतरावांच्या अटकेची रंगीत प्रत

आखाडा बाळापूर येथील सेवानिवृत्त ग्रामविकास अधिकारी श्री. अमृतराव कोंडीबा खंदारे यांनी एका मंगळवारी सकाळी, चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता असा निर्णय घेतला, की यापुढे आपली ओळख कोणालाही चोरू द्यायची नाही.

निर्णयाला कारण होतं. आदल्या दिवशी ते हिंगोलीला सायबर जागरूकतेच्या एका कार्यशाळेला जाऊन आले होते. मुळात ते पेन्शनर मित्रांबरोबर दुपारच्या जेवणासाठी गेले होते, पण पुढच्या रांगेत जागा मिळाल्यामुळे त्यांना व्याख्यान ऐकू आलं. व्याख्याता तरुण होता. त्याने सांगितलं की चोर आता घरात शिरत नाहीत, माणसात शिरतात. तुमचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, सही आणि अंगठा एवढं जमवलं की चोर म्हणजेच तुम्ही. मग तुम्ही कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. अमृतरावांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत नेमक्या याच पाच गोष्टी गावोगावच्या लोकांकडून दोन-दोन प्रतींत गोळा केल्या होत्या. पण आपल्यालाही नाव आणि अंगठा आहे आणि तो कुणी आपल्याकडेही मागू शकतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. पुरी-भाजीचं ताट तसंच ठेवून ते बाळापूरच्या गाडीत बसले.

नोकरीत असताना अमृतरावांनी कुठलंही काम अर्धवट सोडलं नव्हतं. एक तर ते सुरूच केलं नव्हतं, किंवा मग शेवटाला नेलं होतं. हे त्यांनी सुरू केलं.

व्याख्याता म्हणाला होता, आधारच्या झेरॉक्सवर पहिले आठ आकडे झाकून द्या. अमृतरावांनी काळं मार्कर विकत आणलं आणि मूळ कार्डावरचेच बाराच्या बारा आकडे झाकले. आकडे झाकल्यावर जन्मतारीख उघडी पडल्यासारखी दिसू लागली, म्हणून तीही झाकली. मग पत्ता. शेवटी फोटो उरला. चेहऱ्यावरून माणूस सहज ओळखू येतो ही त्यांना मोठीच त्रुटी वाटली. त्यांनी डोळ्यांवरून आणि मिशीवरून दोन पट्टे ओढले. त्याच बैठकीत पॅन कार्ड, मतदान कार्ड आणि पेन्शनचं पुस्तकही सुरक्षित झालं.

त्यांच्या पत्नी जनकाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी ते कार्ड उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"हे कोणाचं हाय?"

"माझं."

"कशावरून?"

"तेच तर," अमृतराव समाधानाने म्हणाले.

मग त्यांनी बँकेकडे लक्ष वळवलं. जुनी सही साधी होती, 'अ. को. खंदारे', चौथीतल्या पोरानेही केली असती. त्यांनी अकरा वेलांट्यांची नवी सही तयार केली आणि बँकेत रीतसर अर्ज करून ती नोंदवून घेतली. बँकेच्या ॲपमध्ये 'आपल्या आईचे नाव' असा सुरक्षा प्रश्न होता. आईचं खरं नाव, गयाबाई, त्यांनी जन्मभर दिसेल त्या अर्जावर लिहिलं होतं. म्हणजे ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. त्यांनी तिथे असं उत्तर भरलं की जे जगातला कोणताही चोर ओळखू शकणार नाही. ते कुठेही लिहून ठेवू नका असं व्याख्यात्याने बजावलं होतं. अमृतरावांनी लिहून ठेवलं नाही.

आधारच्या अंगठ्याला ऑनलाइन कुलूप लावता येतं, असंही कार्यशाळेत कळलं होतं. ते लावलं. आणि ही सगळी कामं आटोपल्यावर, ज्या जुन्या नंबरवर रोज आठ-दहा संशयास्पद फोन यायचे, तो नंबर त्यांनी कायमचा बंद केला, सिमचे अडकित्त्याने दोन तुकडे केले, एक चुलीत टाकला आणि दुसरा पार मोंढ्याच्या धान्यबाजारापर्यंत चालत जाऊन उकिरड्यात टाकला. नवा नंबर त्यांनी अंगठ्याला कुलूप लावण्याआधीच घेऊन ठेवला होता. तो घरच्यांखेरीज फक्त नांदेडच्या एका दवाखान्याला दिला, कारण जनकाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथे ठरलं होतं.

घरच्यांसाठी त्यांनी एक ओळखीचा शब्द ठरवला. फोनवर आधी तो शब्द सांगायचा, मगच बोलायचं. शब्द दर सोमवारी बदलायचा. पहिल्या आठवड्यात तो 'हळद' होता, दुसऱ्यात 'तहसील'. मुलगी पल्लवी पुण्याला कंपनीत होती. तिने एकदा मैत्रिणीच्या फोनवरून फोन केला.

"पप्पा, मी बोलून राहिले. आईचा गुडघा कसा हाय?"

"शब्द सांगा."

"हळद."

"तो मागच्या आठवड्याचा झाला. आमच्या पोरीचा आवाज काढता, लाज वाटत न्हाई का?" असं म्हणून अमृतरावांनी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. तिचा आवाज इतका हुबेहूब होता, की चोरांच्या प्रगतीचं त्यांना मनातून कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला. नंबर अनोळखी होता, पण अमृतराव आता अनोळखी फोनला भीत नव्हते. चुकीची माहिती देऊन चोराला गोंधळात टाकणं ही त्यांची स्वतःची पद्धत होती. कार्यशाळेत ती शिकवली नव्हती.

"जनकाबाई खंदारेंचं पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे ना?" एका मुलीने विचारलं. "फाइल पूर्ण करायचीय. पेशंटचं वय?"

"बावीस."

पलीकडे कीबोर्डवर दोन आकडे दाबल्याचा आवाज आला. "बरं. कोणता गुडघा?"

अमृतराव गालात हसले. "डावा."

"आणि बुधवारपर्यंत आगाऊ रक्कम भरायची आहे, नाहीतर तारीख पुढे जाईल. दोन महिन्यांनी."

"हो, हो. भरतो," अमृतराव म्हणाले आणि फोन ठेवून जनकाबाईंकडे वळले. "पैशावर आला शेवटी. मला वाटलंच होतं."

जनकाबाई दोन्ही हात उजव्या गुडघ्यावर दाबून बसल्या होत्या. "माझा उजवा दुखून राहिला."

"मला काय ठावं न्हाई? पण चोराला आता वाटून राहिलं की डावा हाय."

"आन् तो चोर डाक्टर निघाला तर?"

अमृतरावांनी दवाखान्याच्या कार्डावरचा नंबर काढून पाहिला. तो तोच होता. त्यांनी परत लावला, तर एका ध्वनिमुद्रित बाईने त्यांना एक दाबा, दोन दाबा असं करत करत नऊपर्यंत नेलं आणि सोडून दिलं. रात्री जनकाबाई पाय लांब करून झोपल्या तेव्हा अमृतरावांनी बराच वेळ त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. तो अगदी चांगला होता.

दुसऱ्या दिवशी ते आगाऊ रक्कम काढायला बँकेत गेले. काउंटरवर निलम नावाची एक हुशार, घाईतली बाई होती.

"अंगठा ठेवा, काका."

"अंगठ्याला मी कुलूप लावलेलं हाय."

"मग उघडा."

"उघडायला ओटीपी लागतो."

"मग घ्या."

"तो जुन्या नंबरवर जातो. तो नंबर बंद केलाय."

"मग तो सुरू करून घ्या."

"गेलो होतो दुकानात. त्याला अंगठा लागतो."

निलम मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांनी एक स्लिप पुढे सरकवली आणि सही करायला सांगितली. अमृतरावांनी पेन टेकवलं. पाचवी वेलांटी नीट आली, सहावी आली, सातव्या वेलांटीला हात कोणत्या बाजूने वळवायचा ते आठवेना. त्यांनी अंदाजाने वळवला. स्लिपवर जे उमटलं ते पाहून ते स्वतःही म्हणाले, "ही माझी नाही." मॅडमनी त्यांना शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये पाठवलं.

शाखाधिकारी प्रमोदराव चहात चमचा फिरवत होते. सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली आणि स्क्रीनकडे पाहत विचारलं, "आईचं नाव?"

"गयाबाई."

"नाही."

"गयाबाईच. मी चांगली ओळखतो तिला."

"सिस्टीम नाही म्हणते. अजून दोनदा प्रयत्न करता येईल."

अमृतरावांनी डोळे मिटले. उत्तर भरलं त्या दुपारी आपण ओट्यावर बसलो होतो, एवढंच त्यांना आठवलं. "भीमाई?" त्यांनी विचारलं. स्क्रीन नाही म्हणाली. "हिंगोली?"

प्रमोदरावांनी चमचा बशीत ठेवला. "काका, माणूस स्वतःच्या आईचं नाव तीनदा बदलून सांगत नाही. आणि गावाचं तर नाहीच सांगत." त्यांनी काही बटणं दाबली. "अंगठा जुळत नाही, सही जुळत नाही, मोबाइल जुळत नाही, आईसुद्धा जुळत नाही. अमृतराव खंदारे या ग्राहकाच्या नावाने एक अनोळखी इसम रक्कम काढायला आला, अशी नोंद मला करावी लागेल. खातं गोठवलंय. ग्राहकाचा पैसा शंभर टक्के सुरक्षित आहे."

"साहेब, पण ग्राहक मीच हाय."

"भामटेही तसंच म्हणतात. तुमच्यावर आरोप नाही करत, पण म्हणतात."

"मग मी आता काय करावं?"

"फोटो असलेला, सही-शिक्क्याचा, वाचता येईल असा कोणताही शासकीय कागद आणा. हे," त्यांनी अमृतरावांचं काळं झालेलं आधार कार्ड दोन बोटांनी परत केलं, "वाचता येत नाही. आधी पुरावा आणा, मग बोलू."

आधी पुरावा आणा, मग बोलू. हे वाक्य अमृतरावांच्या ओळखीचं होतं. चहात चमचा फिरवत, असंच सभ्यपणे, ते त्यांनी हजारो लोकांना ऐकवलं होतं. टेबलाच्या या बाजूने ते इतकं वेगळं ऐकू येत असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

ते दारापर्यंत गेल्यावर प्रमोदरावांनी मागून हाक मारली. "आणि हो, खरे अमृतराव तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना शाखेत पाठवा. त्यांना सावध करणं आमचं कर्तव्य आहे."

पुढचे पाच दिवस खरे अमृतराव पुराव्यासाठी हिंडले. जवळच्या एका गावात रामप्रसाद नावाचा ग्रामसेवक होता, तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्याने खुर्ची पुसून दिली, वाकून नमस्कार केला, चहा पाजला, जनकाबाईंच्या तब्येतीची चौकशी केली. रहिवासी दाखल्याचं ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

"साहेब, आधार वाचता येत न्हाई. कसा देऊ?"

"अरे, तू मला ओळखतोस ना?"

"ओळखतो की. पण मी ओळखतो असं लिहायला फॉर्मात जागा न्हाई. तुमीच म्हनायचे, ओळख वेगळी आन् कागद वेगळा." त्याच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "तुमी शिकवलं म्हणून तर माझं आजवर ऑडिट स्वच्छ हाय."

अमृतरावांना त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटली. नव्या आधार कार्डासाठी ते सेवा केंद्रात गेले, तिथे ओटीपी मागितला. पॅनच्या नव्या प्रतीसाठी आधार मागितलं. मतदान कार्डासाठी, निवडणूक जवळ आली की या, असं सांगितलं. पेन्शन कार्यालयात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने हळूच सुचवलं की हयातीचा दाखला काढावा, त्यावर फोटो असतो. हयातीच्या दाखल्याला अंगठा लागत होता.

मंगळवारी दुपारी ते घरी आले आणि चपला न काढताच बाजेवर बसले. जनकाबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरातून आल्या. चार पावलांना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"काय म्हनले?"

"मी जिवंत हाय असं सिद्ध व्हत न्हाई."

जनकाबाई शेजारी टेकल्या. त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्सं झाली लग्नाला. मी येऊन सांगू का त्या साहेबाला, हे तेच हायत म्हणून?"

"बायकोची साक्ष चालत न्हाई. विचारलं मी."

"राहू द्या मग. दोन महिने काढते मी तशीच."

हे मात्र अमृतरावांना सहन झालं नाही. बाई चिडली असती, टाकून बोलली असती तर त्यांनी उत्तर दिलं असतं. तिचा गुडघा सुजून नारळासारखा झाला होता आणि तो आपण स्वतः, कोणाच्याही दबावाखाली न येता, सुजत ठेवला आहे हे त्यांना लख्ख दिसलं. चोराने काही नेलं नव्हतं. त्यांनीच स्वतःला इतक्या बंदोबस्तात ठेवलं होतं की आता आत जायला वाट नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. अमृतरावांकडे सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी उचलला.

पडद्यावर खाकी गणवेशातला एक माणूस होता. मागे झेंडा होता, टेबलावर फायली होत्या. "आप अमृतराव कोंडीबा खंदारे बोल रहे हैं?" त्याने करड्या आवाजात विचारलं.

अमृतराव बाजेवर ताठ बसले. पंधरवड्यात कोणत्याही गणवेशातल्या, टेबलामागच्या, फायलीवाल्या माणसाने त्यांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारली नव्हती.

"फिरसे बोलो," ते म्हणाले.

"क्या?"

"नाव. फिरसे बोलो."

गणवेशातला माणूस जरा गडबडला, पण त्याने नाव पुन्हा घेतलं. मग समोरच्या कागदावरून वाचून दाखवलं, की जन्म चार जून एकोणीसशे त्रेसष्ट, आई गयाबाई, आधार क्रमांक अमुक, पॅन क्रमांक तमुक, मुक्काम आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी. या इसमाच्या नावाने परदेशातून एक पार्सल आलं असून त्यात आक्षेपार्ह वस्तू सापडल्या आहेत. सबब त्यांना डिजिटल अटक करण्यात येत आहे. त्यांनी कॅमेऱ्यासमोरून हलू नये.

जनकाबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. "अवो, ठेवा तो. हे तेच चोर हायत."

"मला कळतंय," अमृतराव म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं. कार्यशाळेत हा माणूस, हा झेंडा आणि हेच पार्सल पडद्यावर दाखवलं होतं. त्यांनी फोन जवळ धरला. "साहेब, मीच अमृतराव खंदारे आहे, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मानना क्या है? हमारे पास सबूत है."

"लेखी आहे?"

"पूरा फाइल है."

"मग वॉरंट पाठवा. लेखी असल्याशिवाय मी अटक होत नसतो. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. फोटो पाहिजे, शिक्का पाहिजे, जावक क्रमांक पाहिजे, आणि अक्षर वाचता आलं पाहिजे."

असा आरोपी त्या माणसाला बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. त्याने दहा मिनिटं मागितली आणि सात मिनिटांत कागद पाठवला. इतक्या तत्परतेने अमृतरावांचं कोणतंही काम त्यांच्या हयातीत झालं नव्हतं. कागद रंगीत होता. वर बोधचिन्ह, खाली दोन शिक्के, उजव्या कोपऱ्यात अमृतरावांचा फोटो, मिशीसकट. नाव काना-मात्रेसह बिनचूक. आणि आईच्या नावाच्या रकान्यात असं छापलं होतं: 'गयाबाई (बँक अभिलेखानुसार: ट्रॅक्टर)'.

ट्रॅक्टर. अमृतरावांना सगळं आठवलं. ते ओट्यावर बसले होते, बोट पडद्यावर होतं आणि समोरून उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर गेला होता.

बँकेत आत्ताच्या आत्ता पैसे ट्रान्सफर करा, असं गणवेशवाला सांगू लागला, तोवर अमृतरावांनी फोन खिशात घातला होता. झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी वॉरंटच्या दोन रंगीत प्रती काढल्या, एक लॅमिनेट केली आणि बँक बंद व्हायला पंचवीस मिनिटं असताना ते प्रमोदरावांच्या केबिनमध्ये पोचले.

"साहेब, आईचं नाव ट्रॅक्टर."

प्रमोदरावांनी ते टाइप केलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही भाव उमटला नाही. "कागद?"

अमृतरावांनी वॉरंट पुढे ठेवलं. प्रमोदरावांनी फोटो पाहिला, अमृतरावांना पाहिलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"हे खोटं आहे, साहेब," अमृतराव म्हणाले. इथवर आल्यावर त्यांना खोटं बोलवेना. "चोरांनी पाठवलंय. पण त्यातली माहिती खरी आहे."

"कागद खरा की खोटा हे तपासणं माझ्या अधिकारात येत नाही," प्रमोदराव म्हणाले. "माझ्याकडे यादी आहे. फोटो आहे. शिक्का आहे. वाचता येतंय." त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'ओळखीचा पुरावा: अटक वॉरंट (रंगीत).' मग उठून त्यांनी अमृतरावांशी हात मिळवला. "या, खंदारे साहेब. बरं झालं तुम्ही स्वतः आलात. तुमच्या नावाने इथे एक भामटा येऊन गेला."

"कसा दिसत होता?"

"साधारण तुमच्यासारखाच. पण घाबरलेला होता."

पैसे त्याच संध्याकाळी दवाखान्यात जमा झाले. नांदेडला फाइलवर खरोखरच लिहिलं होतं, वय बावीस, गुडघा डावा. अमृतराव दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले, तोवर जनकाबाईंनी त्यांच्या खिशातलं काळं मार्कर काढून घेतलं आणि उजव्या गुडघ्यावर 'हा', डाव्यावर 'हा न्हाई' असं स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं. ऑपरेशन उजव्याचं झालं. डॉक्टर म्हणाले, इतका स्पष्ट कागद आम्हाला क्वचितच मिळतो.

गणवेशवाल्याचे फोन पुढे आठवडाभर येत राहिले. दर वेळी अमृतराव त्याला ज्या लेखाशीर्षाखाली पैसे मागता ते कळवा, मागणी तीन प्रतींत करा, असं सांगत. शेवटी त्यानेच त्यांचा नंबर ब्लॉक केला.

ही गोष्ट जनकाबाईंनी दवाखान्यातल्या शेजारणीला सांगितली, तिने गावात सांगितली, आणि महिन्याभरात 'डिजिटल अटकेला न घाबरलेले ज्येष्ठ नागरिक' म्हणून अमृतरावांना शाल मिळाली. वॉरंट बँकेत दाखवल्याचा भाग सत्काराच्या भाषणातून गाळण्यात आला. तो गाळावा अशी विनंती सत्कारमूर्तींनीच केली होती. शालीमागोमाग व्याख्यानाचं बोलावणं आलं. शिरड शहापूरला, शाळेच्या मोठ्या खोलीत, आजूबाजूच्या तांड्यांवरची मिळून ऐंशी-नव्वद माणसं जमली होती.

अमृतराव चांगलं बोलले. पोलीस फोनवर अटक करत नाहीत. ओटीपी कोणाला सांगू नका. फसलात तर एक नऊ तीन शून्य या मदतीच्या नंबरवर लगेच फोन करा. स्वतःची फजिती त्यांनी खुलवून सांगितली, ट्रॅक्टरपर्यंत आल्यावर खोली हसून हसून लोटपोट झाली, आणि हसण्याच्या भरात त्यांच्या तोंडून वॉरंट आणि बँकेचं रजिस्टरही निघून गेलं. तिथे मात्र हसणं थांबलं. लोक पुढे सरकून बसले.

शंका विचारा, असं त्यांनी म्हटल्यावर मागच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, आत कागद होते.

"साहेब, मी जिवनबाई. त्या चोरानं तुमचं नाव बराबर लिहिलं म्हनता?"

"हो, मावशी. काना-मात्रेसकट."

"मालक वारला त्याला अकरा वर्सं झाली. विधवा पेन्शनला गेले तर म्हनतात, कागदावर जिवनराव हाय. तू गडी हायेस, गड्याला विधवा पेन्शन न्हाई भेटत." तिने पिशवीतला कागद काढून पुढच्या माणसाच्या हाती दिला आणि तो हातोहात अमृतरावांपर्यंत आला. "तुमी हितं ग्रामसेवक व्हते तवाचा हाय. दुरुस्तीला आले तवा तुमी म्हनले, आदी बाई असल्याचा पुरावा आन, मग बोलू."

कागदाखाली सही होती. अ. को. खंदारे. साधी, चौथीतल्या पोरानेही केली असती अशी.

अमृतरावांनी कागद पाहिला. मग म्हातारीकडे पाहिलं. व्याख्यानाच्या टिपणात यासाठी मुद्दा नव्हता.

जिवनबाईच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त माहिती हवी होती. "तर मी म्हनते, साहेब, त्या चोराला माझं खरं नाव ठावं असंल का? आन् आमाला त्याचा फोन कवा येईल?"

तेवढ्यात कुठेतरी एक फोन वाजला आणि ऐंशी-नव्वद माणसांचे हात एकदम आपापल्या खिशाकडे गेले.

त्यांना हसण्याआधी आपलं आधार कार्ड आणि आपलं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव एकदा वाचून पाहा, काना, मात्रा, वेलांटीसकट. आईचंही पाहा. जुळत असेल तर अनोळखी नंबर खुशाल ब्लॉक करा.